तिसरा गिअर टाकून बघितला नाही

मित्रांनो, या घराच्या दाराशी, टोपीच्या खिळ्याशेजारी एक काळी गोल चकती टांगलेली आहे. ती मी. मी एक जुनी क्लच प्लेट आहे. माझ्या मधोमध दातेरी भोक आहे. कडेचा थर झिजून कागदासारखा झाला आहे आणि त्यातून रिव्हेटांची डोकी वर आली आहेत. घरात येणारे लोक मला बघतात आणि न बघितल्यासारखं करतात.

आधी माझं काम सांगते. गाडीचं इंजिन सारखं फिरत असतं, चाकं मात्र कधी फिरतात, कधी थांबतात. त्या दोघांच्या मधे मी असते. चालकाने पेडल सोडलं की मी इंजिनाला घट्ट धरते आणि त्याचा जोर चाकांकडे पोचवते. पेडल दाबलं की मी सुटते. धरायचं आणि सोडायचं, एवढंच. पण मला धरता आलं नाही, तर इंजिन कितीही ओरडलं तरी गाडी जागची हलत नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. मला एका लांब, पांढऱ्या गाडीत बसवलं. तिची मालकीण एक म्हातारी बाई होती. ती आठवड्यातून एकदा बाजाराला जायची. अकरा वर्षं गेली, पण मी फारशी झिजले नाही. मग ती बाई गेली आणि गाडी आगगाडीवर चढून किर्गिझस्तानात आली. बिश्केकच्या बाजारातून तिला तोलोगोन नावाच्या माणसाने सुसामिरच्या पठारावर आणलं.

तोलोगोन कामसू होता. त्याने गाडीत गवताचे भारे भरले, मेंढ्या भरल्या, एकदा तर अख्खा तंबू भरला. दोन मुलींच्या लग्नात गाडीला रंगीत फिती बांधल्या आणि सगळे म्हणाले, "गाडी नाही, घोडा आहे." तेव्हा मला फार बरं वाटलं. पण त्याला एक खोड होती. त्याचा डावा पाय कायम पेडलवर टेकलेला असायचा. पाय टेकला की मला पुरतं धरता येत नाही. मी अर्धवट घासत राहते, तापते, झिजते. गाडीत करपल्याचा वास यायचा, तेव्हा तो खिडकी उघडायचा. सात वर्षांत माझे रिव्हेट दिसू लागले. पेडल सुटून अगदी वर आल्यावरच मी धरू लागले. मग त्याने केबलचा नट थोडा फिरवला आणि पेडल पुन्हा जागेवर आलं. मी काही नवी झाले नाही. पठार सपाट आहे. सपाटीवर माझं दुखणं कुणाला कळत नव्हतं.

अशा वेळी ओमुरझाक आणि त्याची बायको सायकाल गाडी बघायला आले.

ओमुरझाकने तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला होता. गावात कुणी जुनी गाडी घ्यायची झाली तर आधी त्याला घेऊन जायचे. त्याची तपासणी ठरलेली होती. हँडब्रेक ओढायचा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि पेडल हळूहळू सोडायचं. इंजिन ताबडतोब बंद पडलं तर प्लेट चांगली. घरघर करत चालूच राहिलं तर प्लेट गेली. मग चढावर नेऊन रेस द्यायची. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर गाडी सोडून घरी यायचं. शिवाय पेडल किती वर येऊन पकडतं ते बघायचं, वास घ्यायचा. त्याने अशा कितीतरी गाड्या लोकांना घेऊ दिल्या नव्हत्या.

या वेळी गाडी त्याला स्वतःसाठी हवी होती. सायकालच्या हृदयाची झडप खराब झाली होती. बिश्केकच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी चौदा ऑक्टोबरची तारीख दिली होती. भाड्याच्या गाडीत सात माणसांत तिचा जीव गुदमरायचा. तिला पाय लांब करून, पाठीला दोन उशा लावून बसावं लागे. म्हणून तिने स्वतःची दुभती घोडी विकली आणि दोघं तोलोगोनच्या दारात आले.

खरं तर आधी गाडी बघायची, मग घरात जायचं. पण तोलोगोनने त्यांना दारातच थांबवलं आणि आत नेलं. आजारी बाईला थंडीत उभं कोण ठेवतं? पाव मोडला गेला, चहा झाला, साय झाली, आणि किंमतही तिथेच ठरली. शेवटी सगळ्यांनी हात वर करून दुआ मागितली, तोंडावरून हात फिरवले. त्यानंतर ते अंगणात आले. आत काय झालं ते मला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं.

ओमुरझाक गाडीत बसला. त्याने इंजिन सुरू केलं, हँडब्रेक ओढला. त्याचा हात गिअरवर आला. मी मनात म्हटलं, आता कळेल. एकदा कळू दे. पण हात तिथेच राहिला.

"तिसरा टाका ना," सायकाल मागच्या सीटवरून म्हणाली. "सगळ्यांच्या गाडीला टाकता तसा."

"कशाला?" तो हळू म्हणाला. "त्या माणसाचं मीठ अजून ओठावर आहे. दुआ झाली. आता त्याच्यासमोर त्याची गाडी तपासू? त्याला चोर म्हणू?"

"गावभरच्या गाड्यांच्या नाड्या बघत फिरता, आणि आपल्या वेळेला पाहुणे झालात."

"तू बस नीट. उशी लागते का सांग."

तोलोगोन खिडकीशी आला. "काय म्हणतात एजे, आमच्या थोरल्या ताई? बसायला जमतंय ना?"

"बसायला झकास आहे," ती म्हणाली. "चालायचं गाडी बघेल."

"चालते हो, आके," तो ओमुरझाकला थोरल्या भावाचा मान देत म्हणाला. "घोडा आहे नुसता."

ओमुरझाकने हँडब्रेक सोडला आणि गाडी पहिल्यात टाकून फाटकाबाहेर काढली. मित्रांनो, मला बोलता येत नाही. मला फक्त घसरता येतं आणि वास सोडता येतो. त्या सपाट रस्त्यावर मी दोन्हीपैकी काही केलं नाही. ते घरी पोचले. सायकाल म्हणाली, "चांगली गाडी मिळाली." मी चांगली नव्हते.

तेरा तारखेला सकाळी ते बिश्केकच्या वाटेवरच्या खिंडीकडे निघाले. चढ सुरू झाला. पहिल्या दोन वळणांवर मी सगळं बळ लावून धरलं. तिसऱ्यावर घसरले. इंजिन ओरडलं आणि गाडी मंदावली. चौथ्यावर करपल्याचा वास आला. ओमुरझाकने खिडकी उघडली नाही. त्याला तो वास ओळखीचा होता. त्याने पहिला गिअर टाकला, थांबला, मला थंड होऊ दिलं, पुन्हा निघाला. असं पाच वेळा झालं. खिंडीच्या माथ्यावरचा बोगदा समोर दिसत होता. तिथे माझा उरलासुरला थर निघाला आणि गाडी मागे घसरू लागली. त्याने हँडब्रेक ओढला आणि चाकाखाली दगड लावला.

बर्फ भुरभुरत होतं. त्या उंचीवर धडधाकट माणसालाही धाप लागते. सायकालचे ओठ निळे झाले होते. दोन गाड्या गच्च भरलेल्या होत्या, त्या निघून गेल्या. जवळजवळ चार तासांनी कोळशाचा एक ट्रक थांबला. त्याच्या चालकाने, मेलिसने, खाली उतरून गाडीचा वास घेतला.

"क्लच गेला," तो म्हणाला. "आके, घेताना तिसऱ्यावर बघितली नव्हती का? शेंबडं पोरही बघतं."

ओमुरझाक वाकून चाकाखालचा दगड घट्ट करू लागला.

"बघितली होती," सायकाल आतून म्हणाली. तिला एकेका शब्दाला थांबावं लागत होतं. "यांनी बघितली होती. तेव्हा चांगली होती."

मेलिसने तिला उचलून ट्रकमध्ये बसवलं. मी तिथेच बर्फात राहिले.

पुढचं मला नंतर या घरात ऐकून कळलं. तिचं ऑपरेशन झालंच नाही. तिच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी ते उतरू दे. ते उतरलं नाही. एकोणीस तारखेला ती गेली.

मातीच्या दिवशी तोलोगोनही आला. दाराशी उभा राहून मोठ्याने रडला. चहा घेताना तो ओमुरझाकला म्हणाला, "मला वाटलं तुम्ही तपासाल, आके. सगळ्यांच्या गाड्या तुम्हीच बघता. तुम्ही काही बोलला नाहीत, तर वाटलं, यांना कळलंय आणि चालतंय. तुम्ही विचारलं असतं, तर मी पावावर हात ठेवून खोटं बोललो नसतो."

"मला माहीत आहे," ओमुरझाक म्हणाला आणि त्याने त्याचा पेला पुन्हा भरला.

वसंतात गाडी खिंडीतून ओढून आणली. ओमुरझाकने स्वतः मला बाहेर काढलं, चिंधीने पुसलं आणि या खिळ्याला अडकवलं. माझ्या जागी नवी प्लेट बसवली. हँडब्रेक ओढून त्याने तिसरा गिअर टाकला आणि पेडल सोडलं. इंजिन लगेच बंद पडलं. त्यानंतर त्याने ते सुरू केलं नाही. गाडी अंगणात उभी आहे. मागच्या सीटवर दोन उशा आहेत. गावातले लोक आता गाडी बघायला त्याला बोलावत नाहीत, आणि बोलावलं तरी तो जात नाही.

मित्रांनो, मी झिजले याचं मला वाईट वाटत नाही. झिजणं हेच आमचं काम. पण तुम्ही मोठे झाल्यावर जुनी गाडी घ्यायला गेलात, तर कृपा करून आधी तपासा. पेडल बघा, वास घ्या, तिसरा गिअर टाका, चढावर न्या. मालक चांगला असेल तर तो रागावणार नाही. त्याचा पाव नंतरही खाता येतो. आणि गाडी तुमची झाली की पेडलवर उगाच पाय टेकू नका.

माझं सांगून झालं. याने सायकाल काही परत येणार नाही.

कधी एखादा परका माणूस घरात येतो आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारतो, "ही काय आहे?"

"क्लच प्लेट," ओमुरझाक सांगतो. "ही मी बघितली नव्हती."