कळवून जायची भेट

"आधी कळवून येतो तो पाद्री! आपली माणसं दार ढकलून आत जातात," तॉर्कुलने चहाचा कप आदळला.

"ते घर नाही, गेलिक भाषेचं म्युझियम आहे," कणीक मळत त्याची थोरली बहीण मुर्डाग म्हणाली. "हिवाळ्यात कळवल्याशिवाय उघडत नाहीत. एवढा बोटीतून जाशील नि कुलपाला नमस्कार करून येशील."

हॅरिस बेटावर तॉर्कुलने जन्मभर माग चालवला होता. म्युझियममधला माग नीट जोडलाय की नाही ते बघायचंय, असं तो गावभर सांगत होता. खरं म्हणजे त्या मागाशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. तिथे त्याच्या बायकोचा, मार्सालीचा आवाज होता. ओलं लोकरी कापड फळीवर आपटताना बायका गायच्या, ती गाणी कुणी अभ्यासक पूर्वी टेप करून घेऊन गेला होता. मार्साली गेल्यावर घरात तिचा चष्मा राहिला, एप्रन राहिला. आवाज मात्र तॉर्कुलला हल्ली नीट आठवेना, आणि त्याची त्याला फार भीती वाटे.

शेवटी त्याने फोन लावला. पलीकडून एका मुलीने गेलिकमध्ये विचारलं, "कुणाचे तुम्ही?"

झालं! तॉर्कुल बापापासून निघाला तो पणजोबापर्यंत पोचला. मुलगी आजीच्या बाजूने वर चढत आली. एका बुडालेल्या बोटीच्या मालकापाशी दोघांचं नातं जुळलं, आणि तॉर्कुलने खुशीत फोन ठेवला.

"मग कधी जायचंय?" मुर्डागने विचारलं.

"ते... राहिलंच."

"धन्य आहेस बाबा! मेलेली सगळी माणसं गोळा केलीस, नि जायचा वार तेवढा विचारला नाहीस!"

त्याने पुन्हा फोन लावला. या वेळी एका दमात बोलून टाकलं, "मागबिग काही नाही, पोरी. तुमच्याकडे टेपवर मार्साली आहे, माझी बायको. तिला ऐकायचंय."

मुलीने विचारलं, "काका, आत्ताच लावू? फोनवर ऐकता?"

मुर्डागचे हात कणकेत थांबले. "हो म्हण की," ती कुजबुजली.

"नको," तॉर्कुल म्हणाला. "मी येतो तिला भेटायला. गुरुवारच्या बोटीने."

फोन ठेवून तो उठला. मग आत जाऊन चर्चला जायचा पांढरा शर्ट घेऊन आला.

"कॉलरला जरा इस्त्री मार. चुरगळलेली तिला खपत नाही."

टेपला डोळे नसतात, असं मुर्डागच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने हात धुतले आणि इस्त्री तापत ठेवली.