मॅडम नसतील तर

इस्पितळाची प्रयोगशाळा जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलवायचं काम मॅडमच्या गळ्यात होतं, आणि आपल्याशिवाय तिथलं पानही हलत नाही अशी त्यांची समजूत होती. समजूत कसली, श्रद्धाच. म्हणून तर धाकट्या बहिणीचं गुरुवारी ऑपरेशन असूनही त्यांनी रजा टाकली नव्हती. "तुझं काम बघ, ताई, मी करते काहीतरी," असं बहीण फोनवर म्हणाली, तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

रविवारी नणंद आली. ही बाई कॉलेजात विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवते, म्हणजे सुखाने चाललेल्या कुठल्याही बोलण्यात पाचर मारायचा तिला पगार मिळतो.

"तुझ्याशिवाय अडतं, हे कशावरून?" मटार सोलता सोलता तिने विचारलं.

"रोज दिसतंय की, वन्सं. वायर कुठून न्यायची इथपासून सगळं मला विचारतात."

"विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हा नियम कुणाचा?"

"माझाच."

"आणि तुझ्या मदतनिसाने स्वतःहून काही केलंच तर?"

मदतनीस म्हणजे 'बघतो'. काहीही सांगा, "बघतो" म्हणायचा, म्हणून सगळ्यांनी ते नाव पाडलेलं.

"चुकला तर मी म्हणते, तरी सांगत होते. बरोबर आलं तर..." मॅडम अडखळल्या. "तर म्हणते, नशीब."

"म्हणजे काहीही झालं तरी तूच खरी. वहिनी, जे कधी खोटं ठरूच शकत नाही, त्याला आमच्यात फार मान नसतो. काय घडलं तर तू चूक, ते आधी सांग. मग बघू घडतं का."

मॅडमना राग आला. पण रागाच्या पोटात कुतूहलही होतं, आणि ते काही स्वस्थ बसू देईना.

सोमवारी त्यांनी गुरुवारची रजा टाकली आणि बघतोला बोलावलं. गुरुवारी रसायनांचा मोठा फ्रीज नव्या जागी न्यायचा होता. "मी नसेन आणि माझा फोनही बंद असेल. संध्याकाळपर्यंत फ्रीज चालू झाला, तर माझं म्हणणं चुकलं असं समजेन," त्या म्हणाल्या.

"बघतो," बघतो म्हणाला.

गुरुवारी बहिणीला आत नेलं आणि मॅडम बाहेरच्या बाकावर बसल्या. जीव बहिणीत होता, पण मधूनच फ्रीजकडेही पळत होता, याची त्यांना लाज वाटली. संध्याकाळी बहीण सुखरूप खोलीत आल्यावर त्यांनी फोन चालू केला. बघतोचे ढीगभर फोन येऊन गेले असतील असं वाटलं होतं. एकही नव्हता. होता फक्त एक निरोप: "प्लग दुसऱ्या भिंतीवर निघाला. फ्रीजच तिकडे लावला. थंड झालाय."

त्या असत्या तर प्लग ठरल्या जागी आणायला भिंत फोडायला लावली असती. आधी चांगलंच झोंबलं. मग मात्र छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि हे दोन्ही एकदम कसं होतं याचं त्यांना नवल वाटलं.

बहिणीने गुंगीतच डोळे उघडले. "तिकडे अडलं असेल ना गं तुझं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "काही अडलं नाही."

"मग उद्याही राहा." तिने त्यांचा हात धरला. "मला भीती वाटते, ताई."

उद्याही येत नाही, एवढंच मॅडमनी बघतोला कळवलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन बंद केला.