लिसिआतेच्या कमरेची चटई

शपथ घेऊन सांगते मित्रांनो, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर मला कसर लागो, झुरळं खावोत, माझा धागान् धागा समुद्रात वाहून जावो. आता नीट बसा आणि मधे बोलू नका.

मी एक जुनी चटई आहे. जमिनीवर अंथरायची नव्हे हं! कमरेला गुंडाळायची. आमच्या टोंगाच्या बेटांवर चर्चला जा, लग्नाला जा, नाहीतर मयताला जा, कमरेला चटई हवीच. नसली तर माणूस उघडाच म्हणायचा. आणि चटई जितकी जुनी, जितकी विरलेली, तितका तिचा मान. म्हणजे माझा मान किती, ते तुमचं तुम्हीच समजा.

मला लिसिआतेच्या आजीने विणलं. केवड्याची पानं तिने उकडली, खाऱ्या पाण्यात बुडवली, उन्हात पांढरी केली, नखाने चिरली, आणि अकरा महिने विणत बसली. मी पुरी झाले त्या दिवशी चंद्र मला बघायला इतका खाली वाकला, की नारळाच्या झाडाला अडकला. बायकांनी काठीने सोडवला. खरंच!

मग मी तिच्या नातवाच्या, लिसिआतेच्या कमरेला आले. त्याच्या लग्नात होते, त्याच्या बापाच्या मयताला होते. लोक म्हणायचे, “काय चटई आहे रे तुझी!” की हा आणखी ताठ चालायचा. पण त्या रविवारी, मित्रांनो, मी या माणसाचं वाईटच करत होते.

सकाळपासून त्याच्या पोटात दुखत होतं. उजवीकडे, खाली. तो कुणाला काही बोलला नाही. माझ्यावरची काथ्याची दोरी आणखी आवळली आणि चर्चला निघाला. प्रार्थना चालू होती, आणि माझ्याखाली त्याचं पोट तव्यासारखं तापलेलं, फळीसारखं कडक. मला कळत होतं. पण चटईचं कोण ऐकतं? तिसऱ्या गाण्याला तो बाकावरून घसरला.

त्याची बायको पेलेनाइसे, तिला सगळे पेले म्हणतात, ती धावली. माझी गाठ सोडायला गेली तर हा दोन्ही हातांनी दोरी धरून बसला.

“नको. चर्चमध्ये नको. सगळे बघतायत.”

“बघू देत! मेलास तर काय चटई बांधून वर जाणारेस?”

“हो, तसंच जातात,” पाद्रीबाबा म्हणाले. “पण आज नको. सोड ती दोरी, लिसिआते.”

पेलेने नखं मोडून गाठ सोडली. मी सुटले तसा त्याचा जो आवाज निघाला, तो मी अजून विसरले नाही.

रविवारी आमच्याकडे कुणी होडी पाण्यात ढकलत नाही. पण पाद्रीबाबांनी झगा वर खोचला आणि स्वतः होडीला खांदा दिला. “पाप माझ्या माथी,” म्हणाले. म्हातारा फाताई होडी हाकायला बसला. मोठ्या बेटावरचं इस्पितळ दीड तास लांब. पेलेने माझी गुंडाळी करून नवऱ्याच्या डोक्याखाली दिली आणि लाटेचा दणका त्याच्या पोटाला बसू नये म्हणून त्याला दोन्ही हातांनी धरून राहिली. अर्ध्या वाटेत दुखणं एकदम थांबलं. लिसिआते हसला. “गेलं बघ, पेले. परत फिरू या.”

फाताईने मागे बघितलंच नाही. “माझा भाऊही असाच हसला होता,” म्हणाला, आणि इंजिन आणखी पिळलं.

तेवढ्यात एक देवमासा आला. पिल्लू मागे ठेवून आला. त्याने होडीखाली पाठ घातली आणि आम्हाला खाडीच्या तोंडापर्यंत ढकलत नेलं. हसू नका.

डॉक्टरणीने पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. “अपेंडिक्स, आतड्याची शेपटी, फुटलीय. आता लगेच कापावं लागेल. आधीचं ऑपरेशन संपतंय, अर्ध्या तासात याला घेते. सकाळपासून काय खाल्लंय?”

“काही नाही. आम्ही चर्चनंतरच जेवतो.”

“नशीब तुमचं! आता पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. गुंगीत अन्न वर आलं तर फुप्फुसात जाईल, मग माझ्या हातात काही राहायचं नाही.”

पेलेने मान डोलावली. तिचा स्वतःचा विणलेला कमरपट्टा, बायका चटईऐवजी बांधतात तो, वाटेत लाटांनी नेला होता. तिने मलाच कमरेला बांधलं. आणि बरंच केलं, कारण दारात आकानेसी उभी राहिली.

आकानेसी लिसिआतेची थोरली बहीण. तिथेच, मोठ्या बेटावर राहायची; बातमी लागताच आली होती. तिच्या हातात मातीतल्या भट्टीतून नुकतं काढलेलं जेवण, पानात बांधलेलं, नारळाच्या दुधाचा वास सुटलेला. तुम्हाला नणंदा माहीत आहेत. पण आमच्या नणंदेपुढे तुमच्या नणंदा म्हणजे गोगलगाई! तिने मागितलं की द्यायचं, तिने म्हटलं की करायचं. भावाच्या बायकोने तिला ‘नाही’ म्हटलेलं आमच्या बेटावर कुणी ऐकलेलं नाही.

“भावाची चटई नेसून उभी आहेस? छान. हे भरव त्याला.”

“वन्सं, डॉक्टरीण नको म्हणालीय.”

“ती कालची पोर! रिकाम्या पोटी कापायचं? ताकद कुठून येणार? भरव म्हणते ना!” आणि दाराबाहेरूनच, तोंड वळवून, मोठ्याने, “लिसिआते, खा रे बाबा!”

आणि तो खुळा! तापात होता, पण बहिणीचा आवाज ओळखला. जन्मात कधी तिचं मोडलं नाही. त्याने आ वासला.

पुडकं पेलेच्या हातात आलं होतं. माझ्याखाली तिचं काळीज ससाण्याने धरलेल्या पाखरासारखं उडत होतं. भरवलं तर नवरा जाणार. नाही भरवलं तर बेटावर तोंड दाखवायला जागा नाही.

आता आमची एक रीत सांगते. मोठे झालेले बहीणभाऊ आमच्याकडे एका खोलीत बसत नाहीत. आणि भाऊ उघडा असेल तर बहीण त्या वाऱ्यालाही उभी राहत नाही.

पेलेने पुडकं खाली ठेवलं. “बरं वन्सं,” म्हणाली. “आधी याचे कपडे काढते. सगळे.” आणि सदऱ्याची बटणं फटाफट तोडली.

“अगं बाई!” आकानेसी डोळ्यांवर हात घेऊन अशी पळाली, की फाताईवर आदळली. पेलेने दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. बाहेरून नणंद ओरडत होती, “झाकलंस का गं? झाकलंस का?” आणि ही आतून, “नाही वन्सं, अजून नाही!” लिसिआतेला न्यायला माणसं येईपर्यंत हेच चाललं. पुडकं नंतर फाताईने संपवलं. पानसुद्धा चाटलं.

मग दोन तास. बाकावर पेले, कमरेला मी, समोर ऑपरेशनच्या खोलीचं बंद दार. पेलेने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, दगडासारखी बसली. आकानेसी दुसऱ्या टोकाला.

डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिचे केस घामाने चिकटले होते. “जगतोय. आत सगळं पसरलं होतं. पोट रिकामं होतं म्हणून थांबावं लागलं नाही. थांबलो असतो, तर...”

आकानेसी बाकावरून सरकत सरकत पेलेजवळ आली.

“मी मारलाच असता गं त्याला.”

“नाही, वन्सं.”

“हो. आणि तू मला ‘नाही’ म्हणालीस.”

“मी ‘बरं’ म्हणाले, वन्सं.”

आकानेसीने तिच्याकडे बघितलं. “मेले! उघडं करण्याआधी खोकायचं तरी!” आणि दोघी अशा हसल्या, की परिचारिका रागावली.

मित्रांनो, आता मी पेटीत असते. लिसिआतेला न्यूझीलंडहून नवी चकचकीत चटई आलीय. मला वर्षातून एकदा ऊन दाखवा, एवढंच मागणं. आणि दुखलं तर लाजेखातर आवळून बसू नका. गाठ सोडा आणि सांगा.

बरं, एक गोष्ट मी बनवून सांगितली. तुम्हाला वाटेल देवमासा. देवमासा खरा होता. पेले रडली नाही, हे खोटं. ऑपरेशनचं दार बंद झालं तशी तिने माझं टोक तोंडात कोंबलं आणि आत त्याला ऐकू जाऊ नये म्हणून चावत राहिली, दोन तास. कुणाला सांगू नकोस म्हणाली होती. पेटी उघडलीत तर बघा, दातांचे व्रण अजून आहेत.