आज कोण गेलं?

जैनबभाभीचा नवरा दर शनिवारी दुपारी तिला मारून टाकतो. मनातल्या मनात. आणि मग घरी येताना तिच्यासाठी दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून जिवंत चिंबोऱ्या घेऊन येतो. ह्या बाईला त्याचा केवढा म्हणून गर्व! कालवणाची वाटी घेऊन थेट आमच्या चौथ्या मजल्यावर, आणि दारातूनच सुरू, "शर्मिला, घे गं गरम गरम. आज परत गेले मी." असं सांगते, जसं काही महाबळेश्वरला जाऊन आली.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई डोक्यावर पडली.

आमचे हे, चंद्रशेखर, बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसातून रिटायर झाले आणि मोबाईलच्या आहारी गेले. रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर दाढीवाल्या संगमरवरी पुतळ्याचा फोटो टाकायचे, खाली इंग्रजीत काहीतरी भारी वाक्य. मन घट्ट करा, लोक काय म्हणतात त्याला किंमत देऊ नका, वगैरे. एक दिवस ई विंगच्या मारिया मिसनी ग्रुपवरच झापलं, "हे वाक्य त्या माणसाने आयुष्यात कधी लिहिलेलं नाही. खरं काय लिहिलंय ते ऐकायचं असेल तर शनिवारी चार वाजता सोसायटी ऑफिसच्या मागच्या खोलीत या." मारिया मिसनी जन्मभर लॅटिन शिकवलं. नवी मुंबईत ते कुणाला शिकायचं असतं देव जाणे, पण शिकवलं.

तर हे गेले. खालच्या मजल्यावरचे बदरुभाई गेले, म्हणजे बदरुद्दीन, जैनबभाभीचे मालक. पनवेलचं दुकान मुलाकडे दिल्यापासून तेही रिकामेच. आणखी दोनचार म्हातारे जमले. मिस लॅटिन पुस्तकातून वाचायच्या आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायच्या. जुने रोमन लोक, स्टोइक म्हणायचे त्यांना. बादशहाची मर्जी फिरली की रातोरात सगळं जायचं, म्हणून जे जाणार ते आधीच मनात घालवून बघायची सवय त्यांनी लावून घेतलेली. पुढे मठातल्या साधूंनी ती पुस्तकं हाताने उतरवून जपली, आणि आजचे मानसोपचारवाले जे शिकवतात त्याचंसुद्धा मूळ तिथंच, असं हे मला जेवताना सांगायचे.

मी म्हटलं, "रविवारी विहारात भंतेजी हेच सांगतात. सगळं अनित्य आहे म्हणून. तेव्हा तुम्ही डुलक्या घेता. मारिया मिसनी लॅटिनमधून सांगितलं की कान टवकारतात होय?"

"अगं, तिथे प्रॅक्टिकल असतं," हे म्हणाले.

प्रॅक्टिकल म्हणजे असं. वाचन संपलं की मिस एकेकाला विचारणार, "आज कोण गेलं?" आणि त्याने आपली एक प्रिय गोष्ट गेली, कालच गेली, असं धरून सगळं सांगायचं. न अडखळता, डोळ्यात पाणी न आणता. जमलं तर पास. बदरुभाईंनी पहिल्या दिवसापासून जैनबभाभीला धरलं. तिला मारून बाहेर पडलं की त्यांना ती जिवंत असल्याचा असा आनंद व्हायचा की रिक्षा करून दिवाळ्याला जायचे आणि कोळणीकडून चिंबोऱ्या आणायचे.

खरं सांगते, आधी मला संशय मारिया मिसचा आला. नवरा शनिवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जातो म्हटल्यावर कुणालाही येईल. म्हणून एकदा त्या खोलीच्या खिडकीपाशी मी उगाच तुळशीची पानं तोडत उभी राहिले. आत मिस गुडघ्याला पट्टा बांधून बसलेल्या आणि ह्या सगळ्या म्हाताऱ्यांना शाळेतल्या पोरांसारखं रागावत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मी वर आले, चहा टाकला, गाणं म्हटलं.

आणि त्याच संध्याकाळी जैनबभाभी पहिल्यांदा वाटी घेऊन आली.

तेव्हापासून जी आग लागली ती लागलीच. कालवण चांगलं असायचं, ते एक आणखी दुःख. मी ह्यांना सहज विचारल्यासारखं करून विचारायची, "आज कोण गेलं हो?"

"स्कूटर."

पुढच्या शनिवारी, "डोळे." मग पेन्शन गेली. मग हा नेरूळचा फ्लॅट गेला. मग महाडकडचं गावचं घर गेलं. एकदा म्हणाले, "परड्यातला फणस."

फणस! फणस गेला म्हणून माणूस एक तास बसून मन घट्ट करतो, आणि त्याची बायको इथे भाकऱ्या थापतेय तिचा नंबर लागत नाही? काय बोलणार? अहो, मला का मारत नाही, असं कुठली बाई नवऱ्याला विचारते? त्या दिवशी मी त्यांच्यावर चपलांवरून ओरडले. हे चपला घालून थेट स्वयंपाकघरात येतात, लग्न झाल्यापासून. रोज ओरडते, त्या दिवशी जरा जास्त.

खाली जैनबभाभी भेटली की अजून मीठ चोळायची. "तुझे कुणाला धरतात गं?"

"ते आमचं घरातलं," मी म्हणायची.

"आमचे म्हणतात, जैनब, तुझ्याशिवाय जायला दुसरं आहेच काय माझ्याकडे!" आणि लाजायची. साठीची बाई, लाजायची! अशी जळायची मी, की जिना चढताना गुडघेसुद्धा दुखायचे नाहीत.

शेवटी ठरवलं, आपण स्वतःच जायचं. पुढच्या शनिवारी चांगली साडी नेसले आणि ह्यांच्या मागोमाग खोलीत जाऊन बसले. मिस म्हणाल्या, "या, या, बायकांनी यायलाच पाहिजे." हे मात्र खुर्चीत आखडले.

वाचन झालं. मला त्यातलं अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. मग मिसनी बदरुभाईंकडे बघितलं. "आज कोण गेलं?"

"जैनब," बदरुभाई म्हणाले. "काल सकाळी गेली. लोक येऊन गेले. आता घरात मी आहे. तिचा चष्मा फ्रिजवर राहिलाय. मी तो पुसून परत तिथंच ठेवला." एकदम शांत आवाजात, जसं काही भाजीचे भाव सांगतायत. सगळे मान हलवत होते. माझा चष्मा कुठे असतो हे तरी आमच्या माणसाला माहीत आहे का?

"चंद्रशेखर?"

"आज," हे घसा साफ करत म्हणाले, "माझा उजवा हात गेला."

"हात?" मी उभीच राहिले. "हात गेला, फणस गेला, स्कूटर गेली! आणि मी? मी काय फुकटची राहिलेय का इथे? मिस, विचारा ह्यांना, माझा नंबर कधी लागणार आहे?"

खोलीत कुणी हसलंसुद्धा नाही. हे जमिनीकडे बघत होते. मला वाटलं आता म्हणतील, अगं, तुझा विचार सहन होत नाही मला. माझी खात्री होती तशी. ते ऐकायलाच मी चांगली साडी नेसून गेले होते.

"तुझा नंबर लागलेला," हे म्हणाले. "पहिल्याच शनिवारी."

"मग?"

"जमलं."

"जमलं म्हणजे?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा जुना आजार आहे. "मी घरी आलो. कुकर लावला. जेवलो, भांडी घासली, पेपर वाचला. घरात शांतता होती. कुणी ओरडत नव्हतं. मला... बरं वाटलं शर्मिला. मग मलाच माझी भीती वाटली. म्हणून परत नाही धरलं तुला."

मारिया मिसनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. बदरुभाई छताकडे बघायला लागले. मी पर्स उचलली आणि घरी आले.

रडले नाही. वाटलं होतं वर जाऊन भांडी आपटीन, माहेरी फोन करीन, ह्यांचा तो संगमरवरी पुतळा मोबाईलसकट खिडकीतून फेकीन. काहीच केलं नाही. तोंड उघडायला गेले तर आत शब्दच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. एवढी वर्षं ह्या माणसाच्या कानाशी मी बोलत आले ते त्याला मी मेल्यावर थांबलं म्हणून बरं वाटलं, तर आता कुणासाठी बोलायचं?

तर नाही बोलले. रविवारी नाही, सोमवारी नाही. स्वयंपाक केला, ताट वाढलं, कपडे वाळत घातले, विहारात जाऊन आले. रुसवा नव्हता तो. रुसवा असता तर मला मजा आली असती. हे सुरुवातीला पेपर वाचत बसायचे. मग पेपर नुसताच धरून बसायला लागले. मग मध्येच म्हणायचे, "भाजीत मीठ कमी आहे का गं?" मी मिठाची बरणी पुढे सरकवायची. एकदा खालून मुद्दाम चिखलाच्या चपला घालून वर आले आणि थेट ओट्यापर्यंत चालत गेले. मुद्दाम, मला कळलं ना. माझ्याकडे बघत उभे. मी फडकं घेतलं, फरशी पुसली.

शनिवारी दाढी न करताच खाली गेले. परत आले ते बेडरूममध्ये जाऊन पडले. मी विचारलं नाही कोण गेलं. मला वाटलं, आता आवाज गेला, कान गेले, काय जायचं ते जाऊ दे, मला काय करायचंय. संध्याकाळी दाराकडे कान मात्र होता. वाटी आली नाही.

जैनबभाभी आली रविवारी सकाळी, हे दूध आणायला गेले होते तेव्हा. हात रिकामे. सोफ्यावर बसली, पदर सारखा केला, परत सारखा केला. मी चहा ठेवला पुढ्यात.

"काय गं," ती म्हणाली, "तुझ्या माणसाने काल काय तमाशा केला म्हणे."

मी नुसतं बघितलं.

"तुला माहीत नाही? अल्ला! आमचे सांगत होते. मिसनी विचारलं आज कोण गेलं, तर तुझे म्हणाले शर्मिला. म्हणाले, घरी आलो, चपला घालून आत गेलो, आणि कुणी ओरडलं नाही. बस्स, एवढंच. पुढे बोलताच येईना. परत सुरू केलं, परत तिथंच अडकले. आणि मग जे रडले म्हणे, लहान पोरासारखे, नाकातून पाणी, शर्टाने पुसतायत. बदरुद्दीननी धरलं, मिसनी पाणी दिलं, तरी थांबेनात."

मी चहाचा कप तिच्यापुढे आणखी सरकवला.

"मिस रागावल्या नाहीत," जैनबभाभी म्हणाली. "उलट म्हणाल्या, ज्याने हे सगळं लिहिलं तोसुद्धा जवळचा मित्र गेला तेव्हा नको इतका रडला होता. स्वतःच लिहून ठेवलंय म्हणे त्याने. पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं." तिने कपाकडे बघितलं, प्यायली नाही. "आणि आमचे! आमचे मला इतक्या वेळा पुरून आले, एकदा तरी थेंब काढला? चष्मा पुसून ठेवतात! मी गेले नि हे चष्मा पुसतायत! काल मी विचारलं, तुम्हाला कधी रडू नाही का आलं हो? तर म्हणतात, मला चांगलं जमतं, मिस माझं उदाहरण देतात."

"आणि चिंबोऱ्या?" मी विचारलं. आठवड्यातला माझा पहिला शब्द तो. काय करू, तोंडातून निघालाच.

"फेकल्या," जैनबभाभी म्हणाली. "म्हणजे कामवालीला दिल्या." तिचे डोळे भरले होते, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती ना, ते बघणं मी बरोबर ओळखलं. आरशात रोज बघत होते मी ते.

मला इतका आनंद झाला, इतका, की लाज वाटली. लाज वाटली म्हणून आनंद काही कमी झाला नाही. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात धरला, म्हटलं, "असं नसतं गं भाभी, बदरुभाई मनातून रडत असतील." आणि मनात म्हटलं, चष्मा पुसत बस म्हणावं.

तेवढ्यात लॅच उघडलं. हे आले, हातात दुधाची पिशवी, दाढी वाढलेली, आणि चपला घालून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

"अहो!" मी ओरडले. "चपला! किती वेळा सांगायचं? आत्ता लादी पुसलीय मी! डोळे आहेत का कुठे ठेवून आलात? तो चिखल बघा, तो कोण काढणार, तुमची ती लॅटिन मिस?"

हे जागच्या जागी थांबले. दुधाची पिशवी हातात तशीच. चपला काढल्या नाहीत. काढायचं नावच घेईनात, नुसते उभे राहून ऐकत होते. मग मीही थांबले नाही. आठवड्याभराचं साठलेलं होतं, सगळं बाहेर काढलं, फणसासकट.

जैनबभाभीने चहा तसाच टाकला आणि घरी गेली.