दोन तासांची झोप

अपर्णा सकाळी आठला तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी पोचली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ती लष्करातली नर्स. जखमी जवानांना विमानातून मोठ्या इस्पितळात नेणाऱ्या पथकात होती. आदल्या सकाळपासून दोन फेऱ्या झाल्या होत्या. "आजी, संध्याकाळी सहापर्यंत आराम आहे," एवढं बोलून ती आडवी झाली.

दिवसाची झोप राखणं कमलाआजीला नवं नव्हतं. तिचे यजमान हिरालाल मालगाडीचे ड्रायव्हर होते. रात्रपाळी करून ते झोपले की ती दाराची कडी फडक्यात गुंडाळायची, कुकर शेजारच्या शारदाकडे नेऊन लावायची आणि भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठायची. तोही बिचारा कुजबुजत भाव सांगायचा.

पण आज दहाला ती आंघोळीला गेली आणि घात झाला. बाहेर येऊन बघते तर अपर्णा खुर्चीत ताठ बसलेली, अंगावर शाल, हातात बाबासाहेबांची तसबीर. समोर गुढियारी वस्तीतल्या समाजमंडळाची माणसं. लेकीच्या कौतुकापायी तिच्या वडिलांनी, यशदीपने, सत्कार ठरवला होता.

"काहून उठवलं तिले?" आजीने लेकाला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, समाजाची पोट्टी आहे. लोकं कामं सोडून आले. दहा मिनिटं!"

"तुमचे दहा मिनिटं म्हंजे मालगाडीचे दहा मिनिटं."

चार भाषणं झाली, चहा झाला, फोटो झाले. मंडळी एक वाजता उठली. अपर्णा पुन्हा पाठ टेकते तोच पथकाचे प्रमुख डॉक्टर भार्गव यांचा फोन आला.

"अपर्णा, दो सीरियस हैं, एक वेंटिलेटर पर. तीन बजे उड़ना है. नींद कितनी हुई? पूरी नहीं हुई तो निधी को ले जाऊँगा."

अपर्णाने फोनवर हात ठेवला. "आजी, मी झोप झाली म्हणून सांगून देते. निधी नवीन आहे. व्हेंटिलेटरवरचा पेशंट तिने हवेत एकटीने कधी सांभाळला नाही." बोलता बोलता ती बूट चढवत होती. उजवा बूट डाव्या पायात.

आजी तिच्याजवळ बसली. चाळीस वर्षं कोणाजवळ न बोललेली गोष्ट तिने थोडक्यात सांगितली.

"घरी पाहुणे होते. तुह्या आजोबाले झोपू दिलं नाही कोणी. ड्यूटीचं बोलावणं आलं तं त्याईनं झोप झाली म्हणून सही केली. इंजिनवर डोळा लागला अन् गाडी लाल सिग्नलच्या पुढं जाऊन थांबली. रुळावरचे मजूर पळाले म्हणून वाचले. निष्काळजी नव्हते ते, पोट्टी. पण झोपेले सही समजत नाही."

अपर्णा पायातल्या बुटाकडे बघत राहिली. मग फोन कानाला लावला.

"सर, दो घंटे. मैं फिट नहीं हूँ."

डॉक्टर म्हणाले, "ठीक है. अच्छा किया बता दिया. निधी यहीं खड़ी है."

"उसे फोन दीजिए." आता तिचा आवाज खणखणीत होता. "निधी, ऑक्सिजन के सिलेंडर खुद गिनना. किसी के कहने पर मत मानना. ऊपर जाते ही ट्यूब फिर देख लेना. डरना मत, सर साथ हैं."

दारात यशदीप उभा होता. तोंड उतरलेलं. "माझ्याच्यानं झालं, आई."

"हव, तुह्याच्यानंच झालं. आता उंबऱ्यात खुर्ची टाकून बस. कोणी आलं तं तिथूनच वाटेला लाव."

तो खुर्ची घेऊन गेला.

"आजी, निधीला जमेल ना?"

"जमवंल. ते तिची ड्यूटी करून राहिली, तू तुही कर."

"माझी कोणती?"

"डोळे मीट."

अपर्णाने डोळे मिटले, पण ओठ हलत होते. सिलिंडर मोजत होती. सहाव्यावर ओठ थांबले.