सोमवारची भट्टी

दिलदारनं फाइलचं चौथं पान उलटलं आणि कपाकडं गेलेला हात तसाच मागं घेतला. चहावर साय धरायला लागली होती.

हॉटेलच्या व्हरांड्यात समोरच्या वेताच्या खुर्चीत मुंबईच्या बँकेचे साहेब पेपर वाचत बसले होते. त्यांच्या खात्याचं नाव मर्चंट बँकिंग. कारखान्यांचे शेअर बाजारात आणायचे, भांडवल उभं करून द्यायचं, असं त्यांचं काम. तिथं माणसं घ्यायची ती मुंबईच्या दोन-तीन नामांकित कॉलेजांतून. शिवाजी विद्यापीठाचा एम.कॉम. त्या खात्यात कुणी पाहिलाही नव्हता. दिलदारनं चार पत्रं पाठवली. पहिल्या तिन्हींना उत्तर नाही, चौथ्याला दोन ओळी आल्या: आम्ही कामानिमित्त कोल्हापुरात येतच आहोत, बुधवारी सकाळी आठला हॉटेलवर भेटा. पहिला वर्ग, विद्यापीठात तिसरा नंबर, हे सगळं साहेबांनी दोन मिनिटांत ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग ही फाइल पुढं सरकवली.

"तुमच्याच गावचा कारखाना आहे. शेअर काढायचे आहेत. वाचा आणि काय वाटतं ते सांगा. दहा मिनिटं."

फाइल हंबीररावांच्या फाउंड्रीची होती. उद्यमनगरातली, ऑइल इंजिनचे भाग ओतणारी. दिलदारचे अब्बा, कुतुबुद्दीन, तिथं बावीस वर्षं वाळूचे साचे करत होते. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. वशिला वाटेल म्हणून दिलदार त्याबद्दल बोललाच नव्हता.

चौथ्या पानावर साहेबांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचा अहवाल होता. मागच्या महिन्यात, सोमवारी, त्यानं कारखाना पाहिला. भट्टी धडधडत होती, पंचेचाळीस माणसं कामावर होती. सबब कारखाना आठवड्याचे सातही दिवस चालतो. पुढची सगळी पानं, वर्षाचा माल, विक्री, नफा, त्या सातावर उभी होती.

उद्यमनगरला सोमवारी सुट्टी असते. कोल्हापुरातलं शेंबडं पोरही हे सांगेल. सोमवार म्हणजे अब्बांची उशिरा अंघोळ आणि मंगळवार पेठेतल्या घराच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी. बाकीच्या दिवशी रजा घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पोराचा पदवीदान समारंभ शनिवारी आला, तो दिवसही त्यांनी साच्यापाशीच काढला होता. मागच्या महिन्यात मात्र एका रविवारी सांजेला मालकांचा निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी, सुट्टी असून, अब्बा पहाटेच कामावर गेले. परत आले ते जेवून सुस्तावलेले.

"मुंबईचं पावणं आलतं," ते म्हणाले होते. "मालकानी समद्यांस्नी मटान घातलं. तांबडा, पांढरा, समदं."

तेव्हा घरात हशा पिकला होता. आता दिलदारला हसू येईना. बोलावं तर मालकांचे शेअर अडकतील, आणि कुतुबुद्दीनच्या पोरानं घोळ घातला हे सांजेपर्यंत उद्यमनगरभर होईल. न बोलावं तर काय, मागणी चांगली आहे, माल नावाजलेला आहे, असं काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता येईल. ते गोड वाक्य इंग्रजीतून जुळवूनही झालं होतं, आणि त्याचाच त्याला मनापासून राग आला.

"झालं?" साहेबांनी पेपर खाली केला.

"साहेब, ह्या साताचं सहा करायला पायजे."

"म्हणजे?"

"उद्यमनगर दर सोमवारी बंद असतंय. भट्टी सहाच दिवस चालत्या." घाबरल्यावर त्याची पुस्तकी भाषा कुठल्या कुठं पळाली होती.

"आमच्या माणसानं डोळ्यांनी पाहिलंय."

"त्या एका सोमवारी पेटलीती. माझे वडील तिथं साचे करतात. त्या दिवशी तेही कामावर होते."

साहेब काही बोलणार, तोच फाटकातून जीप आत आली. त्यांना न्यायला खुद्द हंबीरराव आले होते. भरघोस मिशा, आणि पायऱ्या चढण्याआधीच वर पोचणारा आवाज. दिलदारनं फाइल साहेबांपुढं ठेवली आणि तो उठून उभा राहिला.

"हंबीरराव," साहेबांनी बसल्या जागेवरून विचारलं, "आमचा माणूस आला त्या सोमवारी तुमच्याकडे सुट्टी होती?"

"व्हती की."

"मग भट्टी कशी चालू होती?"

एवढा शिकलेला माणूस हे काय विचारतोय, अशा नजरेनं हंबीररावांनी पाहिलं.

"मुंबईस्नं पावणं येणार, आनि त्यास्नी थंड भट्टी दावू व्हय? घरात पावणं आल्यावर चूल इझवून बसतंय का कोन? मानसं बोलीवली, भट्टी पेटिवली, समद्यांस्नी जेवू घातलं. आमचं काय चुकलं?"

"त्यानं लिहिलंय, तुम्ही सातही दिवस काम चालवता."

"मला इचारलंच न्हाय की त्यानं! जेवला, ढेकर दिला, गेला."

साहेब सकाळपासून पहिल्यांदा हसले. हंबीररावांची नजर दिलदारवर गेली. "हे पावणं कोन?"

"मी दिलदार. कुतुबुद्दीनचा. सुट्टीचं मीच सांगितलं, मालक."

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला.

"बरं केलंस लेका. कागदावर सात दिस कबूल करून सहाच दिस भट्टी चालिवली असती, तर लोकांनी भर चौकात माझी अब्रू काढली असती."

साहेबांनी पेन काढून सात खोडला, वर सहा लिहिला आणि फाइल दिलदारच्या हातात दिली.

"पुढची सगळी पानं आता चुकीची आहेत. पाचपर्यंत नवी करून द्याल?"

दिलदारनं ती चारलाच दिली. साहेबांनी एकेक आकडा तपासला, कुठंही पेन टेकवलं नाही, आणि मग जे सांगितलं ते ऐकून दिलदार घरापर्यंत चालत आला की पळत, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

अब्बा नुकतेच आले होते. पायरीवर बसून नखांतली काळी वाळू काडीनं काढत होते. दिलदारनं सगळं सांगितलं. ऐकताना त्यांची काडी मध्येच थांबली.

"मालक काय म्हनलं?"

"बरं केलंस म्हणाले."

काडी पुन्हा चालू झाली. "आनि सायेब?"

"येत्या मंगळवारी सकाळी दहाला मुंबईत हजर व्हायचं. नोकरी पक्की."

अब्बांनी काडी खाली टाकली. हातांवरची वाळू झटकली.

"मंगळवारी सकाळी म्हंजे सोमवारची गाडी." त्यांनी दिलदारच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सोमवारी मला सुट्टी हाय की रं. येतो ठेसनावर."