तोंड बुजलेली मोरी

मी मोरी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. न्हाणीघरातली नव्हे मी, रस्त्याच्या पोटातली. तारकर्लीकडे जाणारा रस्ता आमच्या गावात रवळनाथाच्या देवळाजवळून जातो, तिथे मी आहे. वरून जाणाऱ्याला आता ते कळायचं नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझा जन्म श्रमदानातला. त्याआधी पावसाळ्यात डोंगराकडचा ओढा, ज्याला इकडे व्हाळ म्हणतात, सरळ रस्त्यावरून खाडीकडे धावायचा आणि गावाचे दोन तुकडे व्हायचे. मग एका उन्हाळ्यात सगळ्या गावाने जांभ्याचे चिरे वाहिले. गावातला भाई तेव्हा कोवळा पोरगा होता. कमानीतला एक चिरा मीच बसवणार म्हणून तो हटून बसला आणि त्याने तो किंचित वाकडा बसवला. गवंड्याने त्याचा उद्धार केला, पण चिरा काही काढला नाही. मला तोच सगळ्यांत लाडका.

माझ्या दोन्ही बाजूंना बुटके कठडे होते. गावाचं सगळं राजकारण त्यांच्यावर बसून झालं. माणसांची एक खोड मला तिथेच कळली. कठड्यावर जो वाघ असतो, तो चारचौघांच्या बैठकीत मांजर होतो.

दर वैशाखात घरटी एक माणूस यायचा आणि माझं तोंड साफ करायचा. गाळ, झावळ्या, पालापाचोळा, सगळं निघायचं. पुढे तरणी मुलं मुंबईला गेली, उरलेली पर्यटकांच्या खोल्या बांधण्यात गुंतली आणि घरटी माणूस यायचा बंद झाला. भाई मात्र येत राहिला. त्याचं मातीच्या भिंतींचं घर माझ्या वरच्या अंगाला, रस्त्यापेक्षा खाली. मी पाणी घेतलं नाही तर ते त्याच्याच दारात शिरणार. त्याला अर्धांगवायू झाला, तेव्हा त्याची बायको नर्मदा कोयता आणि घमेलं घेऊन येऊ लागली. पण खाटेवरच्या माणसाचं सगळं करून बाईने मोरी कधी उपसायची? गेल्या साली माझं तोंड निम्मं बुजलं. त्यात पर्यटकांच्या पाण्याच्या बाटल्या होत्याच.

नेमके त्याच सालच्या चैत्रात रस्त्याचे मोजणीवाले आले. त्यांनी माझ्यात काठी घातली, कोरडी माती लागली. कठड्यावर तांबड्या रंगाची फुली मारून ते गेले.

मग कळलं की रस्ता रुंद होणार, उंचही होणार. नकाशा देवळाच्या सभामंडपात लावणार आणि गावाचं म्हणणं ऐकणार. खोटं कशाला बोलू, बांधकाम खात्याला खरंच ऐकायचं होतं.

आता आमच्या गावची रीत सांगायला हवी. देवळात बैठक असली की पहिला शब्द मानकऱ्याचा. तो बोलल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. आणि त्या मानकऱ्याला आदल्या दिवशी घरी जाऊन, नारळ-विडा देऊन बोलवायचं. मानकरी म्हणजे सत्यवान गावकार. माणूस जाणता, व्हाळाचं पाणी त्याने जन्मभर पाहिलेलं. पण सरपंच निलेश पडला आजकालचा. त्याने मोबाइलवर सगळ्या गावाला एकच निरोप धाडला आणि मोकळा झाला.

सत्यवान तरीही आला. मंडपात इंजिनीयर बाईंना शाल आणि नारळ दिला. पुढचा नारळ कंत्राटदाराला. सत्यवानाने थोडी वाट पाहिली, मग खांबाजवळची आपली जागा सोडून उठला आणि माझ्या कठड्यावर येऊन बसला, मंडपाकडे पाठ करून. त्याची समजूत काढायला कोणी आलं नाही. दुसरा कोणी तरी जाईल, असं प्रत्येकाला वाटलं.

कर्ण्यातून आवाज येत होता. कुंपणं, माड, गटारं असं एकेक कलम बाई वाचत होत्या. मग म्हणाल्या, "ही देवळाजवळची मोरी. आम्ही पाहिली तेव्हा कोरडी होती. ती भरून टाकून वरून रस्ता उचलायचा विचार आहे. पावसात हिच्यातून पाणी जातं का? कोणाचं काही म्हणणं आहे?"

इतका सरळ प्रश्न मला कोणी जन्मात विचारला नव्हता. मंडपातल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं. आणि सगळ्यांच्या माना खांबाजवळच्या त्या रिकाम्या जागेकडे वळल्या.

नर्मदा उठली होती. शेजारच्या यशोदेने तिचा पदर ओढला. "बस गो. गावकारांच्या आदी खंय बोलतंस? देवळात आसंव आपण."

"अगो, पण पाणी माझ्या घरात येतला."

"ते काय बोलूचे नाय? तेंका बोलूंदे आदी."

नर्मदा बसली.

कर्ण्यातून तोच प्रश्न पुन्हा आला. सत्यवानाने पानाची पिंक टाकली आणि स्वतःशीच पुटपुटला, "माका कोणी इचारल्यान?" मला तोंड असून बोलता येत नव्हतं. त्याला येत होतं. मला त्याचा राग आला. अजूनही येतो.

"मोरीबाबत हरकत नाही," बाईंनी लिहून घेतलं आणि पुढचं कलम वाचलं. बैठक उठल्यावर नर्मदा निलेशला गाठायला धावली. तो म्हणाला, "काकी, आता नोंद झाली. तेवाच बोलाक व्हया होता." तोवर बाईंची गाडी निघून गेली होती.

यंत्र आलं तेव्हा नर्मदा माझ्यापुढे उभी राहिली. "मावशी, बाजूला व्हा," एवढंच चालक म्हणाला. तोही बिचारा सांगकाम्या. कठडे पडले. मग खडी, माती, पुन्हा खडी. माझं वरचं तोंड बंद झालं, मग खालचंही. उजेड गेला.

आषाढात व्हाळ आला. नेहमीसारखा, माझ्या भरवशावर. मी आतून ऐकत होते. पाणी येऊन मातीवर आदळलं, घोटाळलं, आणि मागे वळून नर्मदेच्या अंगणात शिरलं. माती पाणी प्यायली की भिंतीला कितीसा जीव उरतो? शेजाऱ्यांनी भाईला खाटेसकट उचलून देवळात नेलं. मागची भिंत बसली, तेव्हा त्याची उशी अजून घरातच होती. ज्या मंडपात हरकत नाही असं ठरलं, त्याच मंडपात तो ओल्या अंगाने कुडकुडत पडला. खोकला छातीत उतरला. नारळी पौर्णिमा यायच्या आत भाई गेला. मला घडवणारा गेला आणि मला त्याची तिरडीसुद्धा दिसली नाही. फक्त वरून गेलेली पावलं कळली.

काही दिवसांनी सत्यवान आला. त्याची पावलं मी ओळखते. माझ्यावर येऊन तो थांबला, बसायला कठडा शोधत असावा. खाली नर्मदा पडलेल्या भिंतीची माती उपसत होती.

"नर्मदे," तो म्हणाला, "मी अर्ज करतंय. मोरी उघडूक सांगतंय. पयली सही माझी."

तिचं घमेलं थांबलं. आवाज चढला नाही तिचा. "पयली तुमचीच व्हयी, गावकारानू. आमी तेचीच तर वाट बघित रवलंव."

तो निघून गेला.

अर्जाचं काय झालं, मला ठाऊक नाही. बुजलेल्या मोरीला कोण सांगणार? व्हाळ मात्र पावसात रोज येतो, माझ्या तोंडाशी थडकतो आणि नर्मदेच्या दाराकडे वळतो. मला आतून त्याला हाकही देता येत नाही. तुमच्या गावात असा नकाशा लागला आणि कोणी विचारलं, तर कृपा करून उठा आणि बोला. नारळ कोणाला मिळाला ते मागाहून पाहा.

आणि कधी या बाजूला आलात, तर देवळाजवळ रस्ता अगदी सपाट लागेल. पूर्वी तिथे गाडीला धक्का बसायचा, आता बसत नाही. त्याच्याखाली मी आहे. तुमची गाडी भाईच्या त्या वाकड्या चिऱ्यावरूनच जाते.